चुलीचा धूर जातो कुठे?

ज्वलनाचा पाठ आपण सर्वच जण शिकवतो. इंधन, ऑक्सिजन आणि पुरेसे तापमान या तीन गोष्टी एकत्र आल्या की ज्वलन होते. लाकूड जळले की कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता मिळते. मुले हे उत्तर पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. या उत्तरात धूर कुठेच नसतो. पण घरी गेल्यावर त्याच मुलाला चुलीपुढे बसलेली आई दिसते. तिच्या डोळ्यांतून पाणी येत असते, ती फुंकणीने फुंकत असते आणि मधूनमधून खोकत असते. पुस्तकातले ज्वलन आणि घरातले ज्वलन यांत फरक का पडतो, हा प्रश्न वर्गात विचारला, तर विज्ञानाचा तास घरापर्यंत पोहोचतो. या लेखात आम्ही तो प्रश्न गोंदिया जिल्ह्यातल्या घरांच्या संदर्भात मांडणार आहोत.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, पुढे सपरी आणि मागे लहानशा झरोक्याची स्वयंपाकाची खोली अशी घरे इथे आजही आहेत. त्यांच्या शेजारी घरकुल योजनेची सिमेंटची घरेही उभी राहिली आहेत. पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली आहे. तरीही आंघोळीचे पाणी तापवायला, भाताचे मोठे भांडे चढवायला, किंवा सिलिंडर संपल्यावर दुसरा येईपर्यंत चूल पेटतेच. म्हणून धुराचा प्रश्न जुना झालेला नाही.

धूर म्हणजे न जळलेले इंधन

एक सोपा प्रयोग करून पाहू. मेणबत्ती पेटवा आणि स्टीलचा चमचा ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर धरा. चमच्यावर काजळी बसेल. आता तोच चमचा पुसून ज्योतीच्या टोकापासून बराच वर धरा. आता काजळी फारच कमी बसते. ज्योतीच्या आत कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात, ते तापून पिवळे चमकतात आणि बाहेरच्या कडेला हवा मिळाली की जळून जातात. थंड चमचा मध्ये आणला की जळण्यापूर्वीच ते निवतात आणि चमच्याला चिकटतात. म्हणजेच, काजळी हे जळायचे राहून गेलेले इंधन आहे.

चुलीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. लाकूड तापले की प्रथम त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी द्रव्ये बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान मिळाले, तर ती जळून ज्वाळा होते. थंड भांड्याचा तळ, थंड मातीची बाजू किंवा कोंडलेली हवा आडवी आली, तर ती अर्धवट जळतात आणि धूर होतो. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला सुमारे ६ किलो, म्हणजे साधारण ५ घनमीटर हवा लागते. तीन दगडांमध्ये लाकडे ठासून भरली की आतल्या लाकडाला हवेचा हा वाटा मिळत नाही.

ओल्या सरपणाचा हिशोब आठवीतल्या मुलांना करता येतो. एक किलो ओल्या लाकडात निम्मे पाणी आहे असे धरू. अर्धा किलो पाणी २५ अंशांपासून तापवून त्याची वाफ करायला ०.५ × (७५ + ५४०), म्हणजे सुमारे ३०८ किलोकॅलरी लागतात. उरलेल्या अर्ध्या किलो कोरड्या लाकडातून साधारण २,१५० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सातवा हिस्सा उष्णता निव्वळ पाणी उडवण्यात जाते. परंतु खरे नुकसान याहून मोठे आहे. वाफ होत असताना लाकडाचे तापमान वाढत नाही. त्यामुळे बाहेर पडलेले वायू पेट घेत नाहीत आणि धूर वाढतो. पावसाळ्यात डोळे अधिक का चुरचुरतात, ते यावरून लक्षात येईल.

मुलांना घरच्या सरपणातली एक बोटभर जाडीची काडी आणायला सांगा. किराणा दुकानातल्या काट्यावर ती तोलून तिच्यावर वजन लिहा. पंधरा दिवस उन्हात ठेवून पुन्हा तोला. वजनात झालेल्या घटीची टक्केवारी काढा. सरपण पावसाळ्याच्या आधीच फोडून आडोशाला रचून ठेवावे, हा आजीचा सल्ला आता आकड्यांत दिसेल.

शरीरात काय घडते?

धुरातले सर्वांत धोकादायक कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे २५ - ३० कण शेजारी शेजारी मावतील. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकते. हे कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेण्याची रक्ताची क्षमता घटते. गर्भवती स्त्री, तान्हे बाळ आणि रक्तक्षय असलेली व्यक्ती यांना हा तोटा अधिक जाणवतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, हेही येथे विसरून चालणार नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपणे जिवावर बेतते ते यामुळेच. धूर दिसत नाही म्हणून निखारे निरुपद्रवी नसतात. हा विषय समजावून सांगावा. त्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये.

स्वयंपाकघरातली हवा प्रत्यक्ष मोजण्याचे काम भारतात चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मोजणीची उपकरणे बसवली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्वयंपाकाच्या वेळी हवेतील एकूण कणांचे प्रमाण घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम आढळले. ही मोजणी सर्व आकारांच्या कणांची होती, त्यामुळे आजच्या ‘पीएम २.५’च्या मर्यादांशी तिची थेट तुलना करता येत नाही. तरी अंदाज यावा म्हणून सांगायचे तर, चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. बालकांचा न्यूमोनिया, दीर्घकालीन दमा-खोकला, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग अशी या मृत्यूंची कारणे आहेत.

धुराडे चांगले, पण…

मग धुराडे बसवले की झाले, असे वाटेल. धुराडे कसे काम करते, ते पाहू. २७ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ किलो असते. १२७ अंशांना ते ०.८८ किलो भरते. धुराडे ३ मीटर उंच असेल, तर आतला गरम स्तंभ आणि बाहेरचा थंड स्तंभ यांच्या वजनात दर चौरस मीटरला ०.३ × ३, म्हणजे ०.९ किलोचा फरक पडतो. धूर वर खेचणारा दाब तो एवढाच. पाण्याच्या जेमतेम एक मिलिमीटर उंचीच्या थराएवढा! इतक्या नाजूक दाबावर चालणाऱ्या यंत्राला काजळीचा थर, नळीतले जादा वळण किंवा कवेलूंच्या पन्हळीखालीच संपणारे तोंड पुरेसे अडथळे ठरतात. मग धूर मागे फिरतो आणि घरातली माणसे म्हणतात, “बिनधुराची चूल धूरच करते.”

आपल्या देशात १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. लक्षावधी चुली बसवल्या गेल्या. पुष्कळशा काही वर्षांतच मोडल्या किंवा बाजूला पडल्या. ओडिशातील ४४ गावांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अशा चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाल्याचे दिसले. पुढे लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, त्यांची दुरुस्ती-सफाई केली नाही आणि फायदा नाहीसा झाला. याउलट ग्वाटेमालातील एका प्रयोगात कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जाऊन चुलीची विचारपूस करीत. तेथे बालकांच्या अंगावर येणारा धूर निम्म्यावर आला. न्यूमोनियाच्या एकूण प्रमाणातली घट निर्णायक ठरली नाही, पण तीव्र न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाला. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

चूल बसवणे एका दिवसाचे काम आहे. धुराडे महिन्यातून एकदा झाडायचे असते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे आणि तसे घडणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे. ते गवंडी करू शकत नाही. शाळा, आशा कार्यकर्ती आणि महिला बचत गट करू शकतात.

यापुढची पायरी स्वच्छ इंधनाची. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि गॅसची जोडणी गरीब घरांत पोहोचली. पण जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हापुन्हा भरून घेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय गॅस आला की सर्व आजार संपतील असेही समजू नये. तमिळनाडूसह चार देशांतील खेड्यांत केलेल्या मोठ्या प्रयोगात गॅसमुळे गर्भवतींच्या वाट्याचे सूक्ष्म कण सुमारे एक-तृतीयांशावर आले. तरीही बाळांचे जन्मवजन आणि तीव्र न्यूमोनिया यांत लक्षणीय फरक आढळला नाही. आजारांमागे पोषण, लसीकरण, गर्दी आणि बाहेरची हवा हीही कारणे असतात. यावरून धूर चालेल असा अर्थ निघत नाही. घराचे आरोग्य एकाच वस्तूवर सोपवता येत नाही, इतकाच अर्थ निघतो.

आणि धुराड्यातून बाहेर पडलेला धूर तरी जातो कुठे? हिवाळ्याच्या सकाळी गावावर निळसर थर तरंगताना आपण पाहतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असल्याने धूर वर जाऊ शकत नाही. तो शेजाऱ्याच्या घरात शिरतो. म्हणून हा प्रश्न एका घराचा नसून साऱ्या टोलीचा आहे.

धुराचे दोन गुण

धुराबद्दल बोलायला गेलो की गावातली जाणती माणसे विचारतात, “धूर नसला तर डास येतील, आणि छपराच्या बांबूला कीड लागेल, त्याचे काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. यातला दुसरा भाग खरा आहे. धुरातली डांबरी द्रव्ये बांबूवर, फाट्यांवर आणि चुलीवर टांगलेल्या बियाण्यावर बसतात व किडीला रोखतात. धूर घालवायचा तर याला पर्याय द्यावा लागेल. बांबू वापरण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की किडीला आवडणारे त्यातले पिष्ट आणि साखर कमी होते. ही जुनीच रीत आहे. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रियाही करता येते. पहिल्या भागाबाबत मात्र पुरावा नाही. घरातल्या रोजच्या धुराने मलेरिया टळतो का, याविषयीच्या अभ्यासांचा २००७ मध्ये आढावा घेण्यात आला. धूर भरवशाचे संरक्षण देतो, असे त्यात आढळले नाही.

सालेकसा, देवरी यांसारख्या जंगलाला लागून असलेल्या भागांत मलेरियाचा धोका असतो. तेथे भरवशाचे साधन म्हणजे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. तिचा आणखी एक उपयोग फारसा सांगितला जात नाही. भाताच्या घरात धान्य असते, धान्यामागे उंदीर येतात आणि त्यांच्या मागावर साप. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. हा दंश फारसा दुखत नाही, खूणही ठळक नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि पुढे श्वास थांबू शकतो. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचणे, एवढ्याने धोका पुष्कळ घटतो. नेपाळच्या आग्नेय भागातील पाहणीतही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले होते. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज आहे. दंश झालाच, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे काहीही करू नये. अवयव न हलवता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे. झाडफुंकीत गेलेली दोन तास परत मिळत नाहीत.

दाईचे मणी

अशी माहिती लोकांपर्यंत नेली तर खरोखर जीव वाचतात का? याचे उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात मिळाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८-८९ मध्ये एक प्रयोग केला. ५८ गावांत पालकांना न्यूमोनियाची लक्षणे शिकवली. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना तो ओळखून औषध देण्याचे प्रशिक्षण दिले. तुलनेसाठी इतर ४४ गावे घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू प्रयोगाच्या गावांत हजारी ८.१, तर तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते.

निरक्षर दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा संभव. खोकला असलेल्या बाळाचे श्वास दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६०, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक झाले, तर त्वरित उपचार हवा. तुमच्या वर्गातही हे साधन सहज बनते. दोन लहान बाटल्या, छिद्र पाडलेले झाकण, चाळलेली वाळू आणि दोऱ्यातले मणी एवढे पुरे. वाळू कमी-जास्त करून बरोबर एक मिनिट साधताना मुले मापन शिकतील. आणि घरी जाऊन धाकट्या भावंडाचे श्वास मोजतील.

वर्गातून गावाकडे

यासाठी वेगळा निधी किंवा प्रयोगशाळा लागत नाही. पुढील चार गोष्टी कोणत्याही शाळेला जमतील.

१. उदबत्तीची पाहणी : चूल बंद असताना स्वयंपाकाच्या खोलीत उदबत्ती लावावी आणि धूर कोणत्या वाटेने जातो ते कागदावर बाणांनी दाखवावे. आधी झरोका बंद ठेवून, मग उघडून पाहावे. थंड हवेला खालून यायला आणि गरम हवेला वरून जायला, अशा दोन वाटा असल्या तरच हवा खेळते.

२. तेलाची काच : तीन काचपट्ट्यांना खोबरेल तेलाचे बोट फिरवून एक चुलीजवळ, एक सपरीत आणि एक शाळेत चोवीस तास टांगावी. पांढऱ्या कागदावर ठेवून तुलना करावी.

३. छपराचे तापमान : एप्रिलमध्ये कवेलूच्या, टिनाच्या आणि स्लॅबच्या घरात सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता तापमान घ्यावे. जाड मातीची भिंत उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लावते. टिन ती लगेच देतो. स्लॅब दिवसा साठवून रात्री सोडतो. घरकुलाच्या स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात दिले, तर बराचसा सूर्यप्रकाश परत फिरतो. हाच प्रयोग शाळेच्या छपरावरही करता येईल.

४. ग्रामसभेत मांडणी : मुलांनी काढलेले तक्ते ग्रामसभेत लावावेत. घरकुल बांधताना किमान २५ चौरस मीटरमध्ये स्वयंपाकाची जागाही धरलेली असते. तेथे वर झरोका कुठे ठेवायचा, हे पाया खणतानाच ठरते. भिंत उभी राहिल्यावर नव्हे.

एक पथ्य मात्र पाळावे. तक्त्यावर कुणाच्याही घराचे नाव लिहू नये, केवळ ‘घर क्रमांक १, २, ३’ असे लिहावे. ज्याच्या घरी सर्वांत जास्त धूर आहे, त्याच्या घरी बहुधा सर्वांत कमी पैसा असतो. त्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागली, तर तो पुढच्या वेळी खरी माहिती देणार नाही आणि आपण त्याला विज्ञानापासून दूर ढकललेले असेल.

ज्वलनाच्या पाठाखालचा प्रश्न आता थोडा बदलून विचारता येईल : ‘तुमच्या घरातील चुलीतून धूर का येतो, आणि तो कमी करण्यासाठी या आठवड्यात घरात काय करता येईल?’ याचे उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही. मुलाला ते घरी जाऊन, चुलीजवळ बसून, आईशी बोलूनच शोधावे लागेल. त्या उत्तरात वाळवलेले सरपण येईल, झाडलेले धुराडे येईल, उघडलेला झरोका येईल. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसण्याची पाळी घरात कुणाकुणाची असते, हेही बहुधा येईल.